लहानपणी हरवलेले आई-वडील आणि तासाभराचा एकपात्री प्रयोग: संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत

लहानपणी आई किंवा वडील गेलेल्या माणसाने त्यावर एकपात्री करायचं मनावर घेतलं की पहिला खर्डा बहुतेक ठरलेलाच असतो. फोन वाजतो, मग हॉस्पिटलचा कॉरिडॉर, मग पांढरी चादर, आणि शेवटी मोठा झालेला नट प्रेक्षकांकडे बघून सांगतो की त्या दिवसानंतर काहीच पूर्वीसारखं राहिलं नाही. सगळं खरं असतं. पण त्यात मूल कुठेच नसतं. असतो तो चाळिशीचा माणूस, ज्याला सगळं कळून चुकलंय. सात-आठ वर्षांच्या पोराला तेव्हा यातलं निम्मंही कळलेलं नव्हतं, आणि त्या न कळण्यातच तुमचं नाटक आहे. पुढचं सगळं मी हे डोक्यात ठेवून लिहितोय.

लिहायला बसण्याआधी

सगळ्यात आधी स्वतःची एक साधी परीक्षा घ्या. विश्वासातल्या माणसाला तो प्रसंग तोंडी सांगा. मध्येच दाराची बेल वाजली, तुम्ही उठून कुरिअर घेतलं, सही केली, परत येऊन बसलात आणि जिथे थांबला होतात तिथूनच पुढे सांगू शकलात, तर तालमीला हरकत नाही. तालमीत नेमकं हेच होतं. तुम्ही आईचा हात सुटल्याचं बोलत असता आणि दिग्दर्शक म्हणतो, "थांब, लाइट लागत नाहीये, एक पाऊल डावीकडे ये आणि पुन्हा घे." हे पुन्हा घेणं पन्नास वेळा होणार. दर वेळी जखम उघडी पडणार असेल तर थोडं थांबा, समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. नाटक वर्षभराने केलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट घरच्यांची. वडील तुमचे गेले तसा आईचा नवराही गेला, आणि तिने तीस वर्षांत त्याबद्दल दोन वाक्यांच्या वर काही बोललेलं नसेल. तिला पहिल्या प्रयोगाच्या पहिल्या रांगेत बसवून धक्का देऊ नका. संहिता हातात देण्यापेक्षा समोर बसून वाचून दाखवा. उधारी, दारू, काकांशी झालेलं भांडण असले भाग ती नको म्हणाली तर ते काढा किंवा बदला. भावंडांचंही तेच. डॉक्टर, शेजारी, नातेवाईक यांची नावं बदला आणि हॉस्पिटलचं नाव घेऊच नका. प्रेक्षकाला त्याची गरज नसते.

आठवणींचे तीन ढीग

एक वही घ्या आणि पानाचे तीन भाग करा: मी स्वतः पाहिलेलं, मला नंतर सांगितलेलं, आणि मी मनाने जुळवलेलं. तीन-साडेतीन वर्षांआधीच्या आठवणी मोठेपणी सहसा उरत नाहीत, आणि पुढच्याही आठवणी दर वेळी काढताना थोड्या नव्याने रचल्या जातात. त्यामुळे "बाबा मला खांद्यावर घेऊन गेटवेला उभे होते" ही आठवण आहे की अल्बममधला फोटो, हे तपासा. फोटो निघाला तरी टाकून देऊ नका. "हे मला आठवतं असं मला वाटतं, पण फोटोत मी आहे, मग मी स्वतःला कसा दिसतोय?" एवढ्यावर एक उत्तम प्रसंग उभा राहतो. तिसरा ढीग लिहायला सर्वांत अवघड आणि मजेचा असतो, त्याला घाई करू नका.

मग कागद शोधा. माझ्या मते घरातला सर्वांत बोलका कागद म्हणजे शाळेचं प्रगतिपुस्तक. पालकांच्या सहीचा रकाना बघा. पहिल्या घटक चाचणीला वडिलांची ऐटीत मारलेली इंग्रजी सही, सहामाहीलाही तीच, आणि मग वार्षिकला आईने मराठीत पूर्ण नाव लिहिलेलं, अक्षर थोडं थरथरलेलं, रेघेच्या खाली घसरलेलं. रेशनकार्डावर नावावर मारलेली काट असते. महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, आणि ती घरात सांगितल्या जाणाऱ्या तारखेशी जुळत नाही असंही निघतं. "त्या दिवशी मुसळधार पाऊस होता" असं सगळे म्हणत असतील तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्या आठवड्याची जुनी वर्तमानपत्रं चाळता येतात का बघा. पाऊस नव्हता असं निघालं तर तेही नाटकात घ्या.

मुंबईत एक वेगळी अडचण येते. तुमच्या घरातलं मरण शहराच्या मोठ्या तारखेला चिकटलेलं असू शकतं: १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप, १२ मार्च १९९३चे बॉम्बस्फोट, २६ जुलै २००५चा पूर, ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट. ती तारीख उच्चारली की सभागृहातला प्रत्येक जण स्वतःच्या आठवणीत शिरतो आणि तुमचं पोर एकटं पडतं. यावर उपाय एकच, मुलाला जेवढं दिसलं तेवढंच सांगायचं. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे मुलाला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं की पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलंय आणि बाबांची चप्पल दुसरीवर होती.

मुलाचं वय पक्कं करा

"लहान होतो" हे वय नाही. चार आणि अकरा यांत फार मोठं अंतर आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे कुठेतरी जाणं वाटतं, आणि गेलेलं माणूस परत येतं. "बाबा गावाला गेलेत" असं सांगितलं तर ते गॅलरीत बसून वाट बघतं आणि आठवड्याने विचारतं, गावची एसटी कधी येणार? साधारण पाच ते सात या काळात कळू लागतं की गेलेलं माणूस परत येत नाही, त्याला भूक लागत नाही आणि हे सगळ्यांनाच होतं. नऊ-दहाच्या पुढचं मूल लगेच हिशेबाला लागतं: फी कोण भरणार, आईला काही झालं तर आपण कुठे राहायचं.

दोन गोष्टी कोणत्याही वयाला लागू पडतात. एक म्हणजे मुलाला वाटतं की हे आपल्यामुळे झालं. आदल्या रात्री ते रागाने "मला तुम्ही नकोच" असं म्हणालेलं असतं. मोठ्यांपैकी कुणाला हे ठाऊक नसतं, म्हणून कुणी समजूतही काढत नाही. तुमच्याकडे असं काही असेल तर तो तुमच्या नाटकाचा कणा आहे. तो पहिल्या दहा मिनिटांत उधळू नका. दुसरं म्हणजे मुलं सलग शोक करत नाहीत. दहा मिनिटं रडतात आणि अकराव्या मिनिटाला खाली क्रिकेट खेळायला जातात. दहाव्याला डोक्याचा गोटा केलेला मुलगा चाळीच्या चौकात बॅटिंग करतोय, आणि तो आउट असूनही कुणी त्याला आउट देत नाही. हा प्रसंग विनोदी करा. प्रेक्षक हसतील आणि हसता हसता त्यांना कळेल की हा का नाबाद आहे.

कुणाशी बोलताय आणि आजच का

एकपात्रीत हा प्रश्न टाळला की प्रयोग आत्मकथनाच्या वाचनासारखा होतो. नटाला रंगमंचावर आज बोलायचं ठोस कारण हवं. मुंबईत एक कारण हाताशी आहे: चाळ पुनर्विकासाला गेली, उद्या सकाळपर्यंत खोली रिकामी करायची आहे, आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढायची आहे. काम चालू असताना बोलणं सुटतं, हातांना उद्योग मिळतो आणि वेळेची मर्यादा आपोआप येते. दुसरं एक कारण मला जास्त आवडतं: नट आज वडिलांच्या वयाचा झालाय. वडील ३८ वर्षं ४ महिन्यांचे असताना गेले, आणि आज याला ३८ वर्षं ४ महिने झाले. उद्यापासून हा बापापेक्षा मोठा. ज्यांचे पालक लवकर गेले त्यांच्या मनात हा दिवस खोल बसलेला असतो, आणि ज्यांचे गेले नाहीत त्यांनी तो विचारही केलेला नसतो.

ऐकणारा कोण हेही ठरवा. थेट प्रेक्षक, गेलेला बाप, झोपलेली स्वतःची मुलगी, किंवा ट्रंक न्यायला आलेला भंगारवाला. यातला एकच निवडा.

लिहिण्याची वेळ

लांबी दीर्घांकाएवढी ठेवा, ५० ते ६० मिनिटं. रंगमंचावर विराम आणि हालचाली धरून मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. म्हणजे संहिता सहा हजार शब्दांच्या आत हवी. पहिला खर्डा दुप्पट येईल, येऊ द्या.

आता एक नमुना घेऊ. समजा वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. खाकी गणवेश, छातीवर बिल्ला, तिकिटांची पेटी, आणि तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी पंच, जो कट-कट वाजवत ते गर्दीतून पुढे सरकायचे. मोठा माणूस लिहील, "बाबा गेले आणि माझं बालपण त्या दिवशी संपलं." याच्यावर नटाला करायला काहीच नाही. आता मुलाच्या उंचीवरून लिहून बघा:

"घरात माणसं मावत नव्हती. मला वाटलं आज रविवार आहे. काका म्हणाले, पिशवी दे, डेपोत जमा करायची. मी पिशवी दिली. पंच दिला नाही. दारात उभा राहिलो. येईल त्याला विचारलं, कुठे? मोरे आजोबा म्हणाले, आत. मी पेपरचा तुकडा फाडला, भोक पाडलं, दिला. त्यांनी खिशात ठेवला. शेवटी सगळे बाबांना घेऊन निघाले. मी म्हटलं, थांबा, त्यांचं तिकीट राहिलं."

यात रडण्याचा एकही शब्द नाही. मुलगा त्याचं काम करतोय, बस. असा प्रसंग मिळाला की त्याच्यापुढे स्पष्टीकरणाचं वाक्य लिहायचा मोह होईल, "तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की..." वगैरे. हे "तेव्हा मला कुठे ठाऊक होतं" संहितेत जिथे जिथे सापडेल तिथे सरळ काट मारा.

पिंडाला कावळा न शिवण्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येक खर्ड्यात असतो. काका एकेक वचन देतात, मुलांचं शिक्षण करू, बायकोला अंतर देणार नाही, आणि कावळा काही येत नाही. प्रसंग अस्सल आहे, पण फार वापरून झालाय. तुमच्या मुलाकडे त्या वेळचं स्वतःचं असं काही असेल, समजा त्याला ठाऊक असेल की बाबांना कावळे अजिबात आवडत नसत, तरच ठेवा.

इतर पात्रं किती? "वऱ्हाड निघालंय लंडनला"मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं उभी करायचे. त्या प्रयोगाची तीच गंमत होती. तुमचा प्रयोग तो नव्हे. इथे चार-पाच पात्रं पुरेत. प्रत्येकाला एक शारीरिक खूण द्या: आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळते, काका बोलण्याआधी घसा खाकरतात. मूल बोलताना नजर वर हवी, कारण त्याच्यासमोरचे सगळे उंच आहेत. बारीक, बोबडा आवाज मात्र काढू नका, अंगावर येतो. नजरेचा कोन आणि सैल सोडलेले गुडघे एवढ्यानेच मूल उभं राहतं. गेलेल्या पालकाचं पात्र नटाने स्वतः करावं का? माझा कौल नाही. त्यांची जागा रिकामी ठेवा, वस्तू ठेवा, आवाजाची लकब दुसऱ्या पात्राच्या तोंडून येऊ द्या.

वस्तू, प्रकाश, आवाज

रंगमंचावर पाचपेक्षा जास्त वस्तू नकोत, आणि प्रत्येकीचा किमान दोनदा उपयोग व्हावा. ट्रंक आधी ट्रंक, मग बसची सीट, मग हॉस्पिटलचा बाक. गेलेल्या माणसाची खरी वस्तू प्रयोगात वापरू नका. टेम्पोतून सामान जातं, वस्तू हरवतात आणि घाम लागतो. चोर बाजारात किंवा जुन्या सामानाच्या दुकानात तशीच शोधा, खरी घरी राहू द्या.

प्रकाशयोजना साधी ठेवा. वर्तमानाला एक रंग, आठवणीला दुसरा, एवढं बास. मृत्यूच्या क्षणी ब्लॅकआउट आणि तंबोऱ्याचा षड्ज हे दोन्ही टाळा. त्याऐवजी चालू असलेला आवाज बंद करा. पंखा, शेजारचा रेडिओ, लांबून जाणारी लोकल यांतलं काहीतरी पहिल्यापासून बारीक ऐकू येत असेल तर ते थांबल्याचं प्रेक्षकाला अंगावर कळतं.

तालीम

दिग्दर्शक दुसरा हवाच. स्वतःची गोष्ट, स्वतःचं लेखन आणि स्वतःचंच दिग्दर्शन असं केलं तर "हे कंटाळवाणं होतंय" हे सांगायला खोलीत कुणी उरत नाही. शक्यतो जवळचा मित्र नको. त्याला तुमची दया येते.

जागा म्हणून शाळेचे हॉल, सोसायटीचं सभागृह, अंधेरीच्या आरामनगरमधल्या तासावर मिळणाऱ्या खोल्या चालतात. जमिनीवर चिकटपट्टीने खऱ्या रंगमंचाचं माप आखून घ्या. गणपतीचे दिवस तालमीच्या वेळापत्रकातून आधीच वगळा, ढोलताशात तुमचे विराम ऐकू येणार नाहीत.

पहिले दोन आठवडे सगळे जड प्रसंग कोरडे म्हणा, किराण्याची यादी वाचल्यासारखे. आधी हालचाल आणि क्यू पक्के होऊ देत. मग भावना उघडा, पण रोज नव्हे. जिथे हमखास गळा दाटतो त्या दोन-तीन जागा संहितेत लाल पेनाने खुणा करून ठेवा आणि तिथे एक ठरलेली कृती लिहा: ट्रंकेची कडी लावणं, पाण्याचा घोट घेणं, सदऱ्याचं बटण बघणं. आवाज गेलाच तर शरीराला पुढचं काम माहीत असतं. तालीम संपल्यावर कपडे बदला, वस्तू खोक्यात भरा, खोकं बंद करा, आणि घरी जाण्याआधी दिग्दर्शकासोबत चहा घेताना नाटकाचा विषय काढू नका.

रंगीत तालमीच्या आधी दहा-बारा लोकांसमोर एक वाचन करा, त्यात निम्मे तुम्हाला न ओळखणारे असू देत. "आवडलं का?" हे विचारू नका. मुलाचं वय किती वाटलं, कुठे घड्याळ बघितलं, कोणती वस्तू आठवते, एवढंच विचारा. वय वेगवेगळं सांगितलं गेलं तर संहिता अजून कच्ची आहे.

परवाने

हा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एकपात्रीही त्यातून सुटत नाही. प्रयोगाच्या दीड-दोन महिने आधी संहिता द्या. पोलीस परवान्याचं काय, ते नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला बुकिंगच्या वेळीच विचारा.

आईला आवडणारं सिनेमागीत वाजवायचंय? गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क निधनानंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. रचनेसाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था, आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था किंवा थेट कंपनी, यांच्याकडून परवाना घ्यावा लागतो. जमत नसेल तर घरातली ओवी किंवा अंगाई घ्या. ती तुमच्या आजीच्या चालीत असेल तर आणखी चांगलं. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही.

नाट्यगृह निवडताना

अशा प्रयोगाला शंभर-दोनशे खुर्च्यांची जागा हवी. मराठीत छोट्या जागेच्या नाटकाची परंपरा दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात रुजली, ती काही हौस म्हणून नव्हे. नटाचा श्वास ऐकू येईल एवढं अंतर काही नाटकांना लागतंच. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८मध्ये सुरू झालं. तिथे सुमारे दोनशे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, त्यामुळे पाठ कुणाकडे आणि कधी करायची हे आधी बसवावं लागतं. तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, आणि तुमच्यासाठी हे वरदान आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचं एक्सपरिमेंटल थिएटर आसनव्यवस्था बदलता येईल असं आहे. शिवाजी मंदिर, दीनानाथ मंगेशकर, प्रबोधनकार ठाकरे ही मोठी घरं नंतर, प्रयोग पक्का झाल्यावर. तिथे माइक लागतो आणि कुजबूज हरवते.

प्रयोगाच्या दिवशी

जाहिरातीत आणि दारावर एक ओळ स्पष्ट लिहा: हा प्रयोग लहानपणी पालक गमावण्याबद्दल आहे. यामुळे तिकीट कमी खपेल अशी भीती बाळगू नका. ज्याचं गेल्या महिन्यातच कुणी गेलंय त्याला निवड करता यायला हवी. बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा ठेवा आणि मध्येच उठून जाणाऱ्याकडे रंगमंचावरून बघू नका.

प्रयोगानंतर लोक भेटायला येतील आणि बरेच जण नाटकाविषयी एक शब्दही बोलणार नाहीत. ते स्वतःच्या आईचं सांगतील, हात धरून, रांग अडवून. त्या वेळी तुमच्यात ऐकायची ताकद नसते, घसा बसलेला असतो. म्हणून आधीच ठरवा की दहा मिनिटं मेकअप रूममध्ये एकट्याने बसायचं, पाणी प्यायचं, आणि मगच बाहेर यायचं. सोबत दिग्दर्शक किंवा रंगमंच व्यवस्थेतला कुणीतरी हवा. प्रत्येकाला उत्तर देणं भाग नाही. नाव विचारा, गेलेल्या माणसाचं. तेवढं त्यांना पुरतं.

दोन प्रयोगांत महिन्याहून जास्त खंड पडला तर थेट प्रयोगाला उभे राहू नका. आदल्या दिवशी एकदा कोरडं म्हणून घ्या, मग लाइट-साउंडसकट एक पूर्ण रन करा. लाल पेनाच्या खुणाही पुन्हा बघा. त्या जागा बदललेल्या असतात.